डागमास्तरांची बाटली

डागमास्तरांशी बोलताना माणसांचा हात आपोआप शर्टाकडे जायचा, कारण मास्तर तोंडाकडे बघून बोलतच नसत. आधी कॉलर, मग बाह्या, मग खिशाखालची जागा. तिथे काही सापडलं की लगेच, "हा चहाचा नाही, औषधाचा आहे. किती दिवस झाले खोकल्याला?" समोरचा चाट पडायचा. चौतीस वर्षं एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर बसून या माणसाने लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढले. शाई, रक्त, गंज, वंगण, उलटी, लिपस्टिक. मालकापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळे तोंडावर मास्तर म्हणत आणि पाठीमागे डागमास्तर. त्यांना दोन्ही आवडायचं. आयुष्यात त्यांनी कुणाला पाढेसुद्धा शिकवले नव्हते, पण मास्तर म्हटल्यावर मान जी ताठ झाली ती पुढे कधी वाकलीच नाही.

डाग डोळ्यांनी नाही, नाकाने ओळखायचा, असं ते सांगत. सांगायला काय जातं. खरं म्हणजे ते नाक कधीच कामातून गेलं होतं. टेबलावर डाव्या हाताला अमोनियाची बाटली उघडी असायची. नवा माणूस खोलीत आला की डोळे चोळत, खोकत बाहेर पळायचा, आणि मास्तर तिथेच डबा उघडून जेवायचे. याला ते मुरलेपणा म्हणत. तुम्हाला आता वासच येत नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता. मास्तरांना काही सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं, आणि भिंत निदान उलट उत्तर देत नाही.

त्यांच्या हातून चूक झाली नव्हती असं नाही. एकदा झाली होती, आणि मोठी. एका मुलीचा लग्नाचा पोशाख आला होता. त्यावर सरबताचा डाग होता, नखाएवढा. मास्तरांनी घाईत भलतीच बाटली उचलली आणि नखाएवढ्या डागाच्या जागी तळहाताएवढा रंग उडाला. मालक पोशाख हातात घेऊन मागच्या खोलीत आला आणि म्हणाला, "कुणाच्या हातून झालं?" खोलीत दोघेच होते, मास्तर आणि यंत्र चालवणारा धुलाईवाला. मास्तर गप्प राहिले. मालकाने धुलाईवाल्याकडे पाहिलं. बारा वर्षं काम केलेला माणूस, तोही गोंधळून गप्प राहिला, आणि संध्याकाळी डबा घेऊन निघून गेला तो परत दिसला नाही. मास्तरांनी यावर पुष्कळ विचार केला होता आणि दरवेळी ते एकाच ठिकाणी येऊन थांबायचे: मी कुठे त्याचं नाव घेतलं?

साठी ओलांडल्यावर लाँड्रीत नवीन यंत्रं आली, आणि मालकाच्या मुलाने मास्तरांना हार वगैरे न घालता घरी पाठवलं. शेवटच्या दिवशी एक काम दिलं. लोक विसरून गेलेल्या जुन्या चादरी आणि ब्लँकेटं दरवर्षी गावाबाहेरच्या प्राण्यांच्या निवाऱ्यात दिली जायची. ते गाठोडं मास्तरांनी नेऊन द्यायचं. मास्तर गाठोडं टेकवून घाम पुसत उभे होते तेवढ्यात एक तपकिरी कुत्री सावकाश चालत आली. एक कान फाटलेला, तोंडाभोवतीचे केस पांढरे. तिने त्यांच्या बुटांचा वास घेतला, दोनदा शिंकली आणि मग हनुवटी त्यांच्या पायावर ठेवून तिथेच बसली. निवाऱ्याच्या बाईने सांगितलं, आठ वर्षांची आहे, एका म्हाताऱ्या माणसाकडे होती, तो गेला आणि त्याच्या मुलांना ही नको होती. मास्तरांनी पाय हलवला नाही. हलवावासा वाटला नाही. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्यांच्या इतक्या जवळ कुणी बसलं नव्हतं.

घरी सून आणि मुलगा, दोघंही नोकरीवाले. तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचं तुम्हाला होत नाही, त्यात हे." सून मात्र म्हणाली, "आणा. पण घरात घाण करता कामा नये. एक महिना बघू. शिकली तर राहील, नाही शिकली तर परत सोडून यायची. चालेल, बाबा?" बोलणं सरळ होतं. मास्तरांना ते जरा लागलंच, पण त्यांनी मान डोलावली. महिना म्हणजे तीस दिवस, आणि शिकवणारा कोण, तर मास्तर. त्यांना वाटलं, आठवड्यात उरकेल.

कुत्रीचं नाव त्यांनी बाईसाहेब ठेवलं, कारण तिचा सगळा कारभारच तसा होता. जिना उतरताना ती प्रत्येक पायरीवर थांबायची, खाली बघायची, मग मास्तरांकडे बघायची, जणू आधी तुम्ही. वाटीत खाणं पडलं तरी घाई नाही. मास्तर खुर्चीत बसले की ही त्यांच्या चपलेवर हनुवटी ठेवणार. टीव्हीवर काहीही चालू असलं तरी मास्तर तिच्याशीच बोलायचे. "बघा बाईसाहेब, या बातम्या सांगणाऱ्याच्या कोटावर डाग आहे. कुणाला दिसत नाही. आपल्याला दिसतो." ती कान हलवायची. दोन वर्षांत पहिल्यांदाच सुनेला सासऱ्यांचं हसणं स्वयंपाकघरात ऐकू आलं.

पण पहिल्याच दिवशी बाईसाहेबांनी बाहेरच्या खोलीत, बाल्कनीच्या दाराजवळच्या सतरंजीवर कारभार उरकला. नवीन घर, बावरलेलं जनावर, व्हायचंच. कुणी रागावलं नाही. मास्तर तर खुशच झाले म्हणायला हवं, कारण आता त्यांचं काम आलं होतं. त्यांनी बाह्या सरसावल्या, कपाटावरची पिशवी काढली आणि लाँड्रीतून आणलेली बाटली बाहेर घेतली. "ताज्या डागाला अमोनिया," ते सुनेला म्हणाले, "लक्षात ठेव. लोक साबण लावतात आणि डाग आत बसवतात." त्यांनी सतरंजी पुसली, खालची फरशी पुसली, कोपरा पुसला. डागाचा मागमूस राहिला नाही. मास्तरांनी गुडघ्यावर बसून उजेडात तिरकं बघून खात्री करून घेतली.

दुसऱ्या दिवशी बाईसाहेब बरोबर तिथेच बसल्या.

मास्तरांनी पुन्हा पुसलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांनी वेळापत्रक बांधलं. उठल्या उठल्या खाली, खाल्ल्यावर खाली, दुपारी खाली, दिवे लागायच्या आधी खाली, झोपायच्या आधी खाली. गुडघे कुरकुरत होते तरी दिवसातून पाच वेळा तीन मजले उतरायचे आणि चढायचे. खाली कुंपणाजवळ ती हुंगत फिरायची, कधी करायची, कधी नाही. केलं की मास्तर तिची पाठ थोपटून म्हणायचे, "शाब्बास. असं वागावं शहाण्या माणसाने." वर आलं की ती सरळ बाल्कनीच्या दाराकडे जायची, तिथे खोल श्वास घेऊन हुंगायची, गोल फिरायची आणि थोडंसं का होईना, करायचीच.

फाटकावरचा रखवालदार रोज हा तमाशा बघत होता. एकदा तो म्हणाला, "मास्तर, कुत्रं वासावर जातं बघा. जागेला वास राहिला असेल, म्हणून तिथेच करते." मास्तर म्हणाले, "चौतीस वर्षं मी वासाचाच धंदा केलाय. तू फाटक सांभाळ." रखवालदाराने फाटक सांभाळलं.

सून वेगळंच म्हणाली. ती ऑफिसातून आल्या आल्या नाकाला पदर लावायची. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, रागावू नका, पण मला तर त्या बाटलीचाच वास तसा वाटतो. तिच्या लघवीसारखाच. तुम्ही पुसून झालं की जास्तच येतो." यावर मास्तर मनापासून हसले. मुलाला हाक मारून त्यांनी हे परत ऐकवलं. "औषधाला रोग म्हणते बघ तुझी बायको." मुलगाही हसला. सून स्वयंपाकघरात गेली आणि पुन्हा त्या बाटलीबद्दल काही बोलली नाही.

मग दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी बाटली संपली. संपली म्हणून मास्तरांनी दोन दिवस नुसत्या साबणाने आणि पाण्याने पुसलं, नाइलाजाने, आणि पुसताना कुरकुर करत. आणि काय गंमत, पुढचे पाच दिवस बाईसाहेबांनी घरात एक थेंब सांडला नाही. खाली जायची वेळ झाली की दारापाशी जाऊन बसायच्या. एकदा तर मास्तरांना डुलकी लागली होती तेव्हा तिने त्यांच्या बाहीला धरून ओढलं. मास्तर सगळ्या मजल्यांवर सांगत सुटले. "शिस्त लावली की जनावर काय, माणूससुद्धा सुधारतं." सुनेने त्या दिवशी बाईसाहेबांच्या वाटीत स्वतःच्या हाताने खाणं घातलं आणि तिच्या फाटक्या कानामागे खाजवलं. मुलगा म्हणाला, "जिंकलात, बाबा." महिना संपायला दहा दिवस होते.

इथे दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पण जिंकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. मास्तर लाँड्रीत गेले, इस्त्रीवाल्याशी गप्पा मारल्या, बाईसाहेबांचं कौतुक सांगितलं आणि येताना अमोनियाचा अख्खा डबा घेऊन आले. साबणाने पुसलेलं त्यांच्या मनाला पटतच नव्हतं. सून ऑफिसात असताना त्यांनी पूर्ण बाहेरची खोली पुसून काढली. बाल्कनीचं दार, सतरंजी, सोफ्याचे पाय, सुनेच्या कपाटासमोरची जागा. मग खुर्चीत बसून, चकचकीत फरशीकडे बघत त्यांनी चहा प्यायला. बाईसाहेब खोलीच्या मधोमध उभी होती आणि तिचं नाक सारखं हलत होतं.

संध्याकाळपर्यंत तिने तीन ठिकाणी केलं. एक जागा सुनेच्या कपाटासमोरची होती.

त्यानंतरचे दिवस मास्तरांना आठवायला आवडत नाहीत. जितकं ते पुसत तितकं ती करत होती, आणि जितकं ती करत होती तितकं ते पुसत होते. त्यांच्या डोक्यात एकच बसलं होतं: ही मुद्दाम करते. पाच दिवस नीट वागून दाखवलं ना, म्हणजे हिला कळतं. कळून करते म्हणजे आपलं नाक कापते. सव्विसाव्या दिवशी त्यांनी तिला कोपऱ्यात धरलं, तिचं तोंड ओल्या फरशीजवळ नेलं आणि चपलेने दोन मारल्या. बाईसाहेब ओरडली नाही. ती भिंतीला चिकटून बसली आणि त्यांच्या हातातल्या चपलेकडे बघत राहिली. तीच ती चप्पल, जिच्यावर ती हनुवटी ठेवायची. त्या दिवसापासून मास्तर बाटली घेऊन उठले की ती बसल्या जागी, बसल्याबसल्याच करायला लागली. मास्तरांना स्वतःची लाज वाटली, फार वाटली, पण त्या लाजेचं काय करायचं ते माहीत नव्हतं. त्यांनी पुन्हा पुसायला घेतलं.

तिसाव्या दिवशी सुनेने बाईसाहेबांची वाटी धुऊन पुसून पिशवीजवळ ठेवली. मास्तर समजले. मुलगा म्हणाला, "मी सोडून येऊ का?" मास्तर म्हणाले, "मी आणली, मीच सोडतो." पिशवीत वाटी आणि ती झोपायची ती सतरंजी भरली, दोरी तिच्या गळ्यात अडकवली. जिना उतरताना बाईसाहेब नेहमीसारखी प्रत्येक पायरीवर थांबली आणि तिने नेहमीसारखंच वर बघितलं. मास्तरांनी त्या दिवशी तिच्या नजरेला नजर दिली नाही.

निवाऱ्याची बाई तीच होती. तिने फार काही विचारलं नाही. परत आणणारे तिने पुष्कळ पाहिले असतील. पिशवीतलं सामान काढता काढता तिने सतरंजी हातात घेतली आणि डोकं मागे घेतलं.

"हे कशाने धुता?"

"अमोनिया," मास्तर म्हणाले. "लाँड्रीत होतो मी. चौतीस वर्षं."

"फरशीसुद्धा?"

"सगळं."

बाई शांतपणे म्हणाली, "अहो काका, लघवीला जो वास येतो तो अमोनियाचाच. तुम्ही पुसलं की तिला वाटतं, ही आपली जागा. तुम्ही रोज तिला जागा दाखवत होतात. हिला शिकवायचं काय होतं? आठ वर्षं घरात राहिलेली कुत्री आहे, हिला सगळं येतं."

पाच दिवस. संपलेली बाटली. नाकाला पदर लावलेली सून. फाटकावरचा रखवालदार. सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं आणि एकाचाही हिशेब चुकत नव्हता.

"घेऊन जा परत," बाई म्हणाली. "साध्या साबणाने धुवा, वर व्हिनेगरचं पाणी फिरवा. आठ दिवसांत बघा. घरी एवढंच सांगा, पुसण्यात चूक झाली. ऐकतील."

ऐकतील. तेच तर. ऐकणार होती सून. बाबा, मी तुम्हाला सांगितलं होतं, असं ती कदाचित म्हणणारही नव्हती. ती तशी नव्हती. पण तिला कळलं असतं. मुलाला कळलं असतं, आणि तो या वेळी वेगळ्या गोष्टीवर हसला असता. रखवालदाराला कळलं असतं. चौतीस वर्षं डाग काढणारा माणूस महिनाभर स्वतःच डाग पाडत होता, हे सगळ्या मजल्यांवर गेलं असतं. मास्तरांच्या हातात दोरी होती. दोरीच्या दुसऱ्या टोकाला बाईसाहेब त्यांच्या पायावर हनुवटी ठेवून बसली होती, मार खाल्ल्यानंतर पहिल्यांदाच. एक वाक्य बोलायचं होतं. घरी जाऊन फक्त एक वाक्य.

"घरचे नाही ऐकायचे," मास्तर म्हणाले.

बाईने एक कार्ड पुढे केलं. "मग इथे परत करायचं कारण लिहा. परत करणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायचं असतं. हे कार्ड हिच्या जाळीवर लागणार, लोक तेच वाचून पुढे जातात. वयाने आधीच मोठी आहे. जरा बघून लिहा, काका."

मास्तरांनी पेन घेतलं. चष्मा नीट केला. बराच वेळ लागला. मग त्यांच्या सुरेख, लाँड्रीच्या चिठ्ठ्यांवर गिरवून गिरवून वळणदार झालेल्या अक्षरात त्यांनी लिहिलं: घरात घाण करते. खाली सही केली. बाईने वाचलं आणि दोरी त्यांच्या हातातून काढून घेतली. बाईसाहेब उठली, दोन पावलं गेली आणि थांबून मागे बघायला लागली, आधी तुम्ही, अशी. मास्तर फाटकाबाहेर आले तेव्हा त्यांनी स्वतःला समजावलं, मी कुठे खोटं लिहिलं? करत होतीच ना घाण. आणि हे मनात म्हणता म्हणता त्यांना, काही कारण नसताना, डबा घेऊन निघालेला धुलाईवाला आठवला.

घरी सुनेने दार उघडलं. तिने त्यांच्या पायाशी बघितलं, तिथे कुणी नव्हतं. तिने चहा टाकला, कप आणून दिला आणि समोर बसली. तिचे डोळे लाल होते.

"बाबा, मी दिवसभर तोच विचार करतेय," ती म्हणाली. "तुम्ही एवढे जिने चढला-उतरलात, एवढं पुसलंत, तुमच्याकडून काहीच कमी पडलं नाही. मीच महिन्याची अट घालून बसले. अजून थोडे दिवस द्यायला हवे होते. माझंच चुकलं ना?"

मास्तरांनी चहाचा घोट घेतला. बाल्कनीच्या दाराजवळची फरशी कोरडी होती.

"जाऊ दे गं," ते म्हणाले. "मनाला लावून घेऊ नकोस."